ब्लेअर व्हॅलीतला मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमध्ये दसरा उलटला की एक विषय हमखास निघतो : यंदा वाळवंटात राहायला जायचं का? अँझा-बोरेगो डेझर्ट स्टेट पार्कमधली ब्लेअर व्हॅली ही त्यासाठी माझी सगळ्यांत आवडती जागा. ओळखीपाळखीची बरीच कुटुंबं तिथे नेली आणि दर वेळी निघण्याआधी फोनवर तेच प्रश्न आले. ती सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे लांबणं भाग होतं.

ही जागा नेमकी कुठे आहे?

सॅन डिएगो काउंटीच्या पूर्व भागात. रमोना, मग ज्युलियन, मग बॅनर ग्रेडचा वळणावळणाचा उतार, आणि खाली सिझर्स क्रॉसिंग हा फाटा. तिथून एस-२ रस्त्याने दक्षिणेला सुमारे ६ मैलांवर डाव्या हाताला ब्लेअर व्हॅलीचा कच्चा रस्ता फुटतो. सॅन डिएगोहून साधारण दोन तास लागतात, लॉस एंजेलिसहून तीन-साडेतीन. बॅनर ग्रेडवर मागच्या सीटवरच्या पोरांना मळमळतं, तेव्हा आवळासुपारी किंवा आल्याची वडी हाताशी ठेवा.

नावातला 'अँझा' म्हणजे हुआन बाउतिस्ता दे अँझा. १७७४ साली या मुलखातून वाट काढणारा स्पॅनिश अधिकारी. 'बोरेगो' म्हणजे स्पॅनिशमध्ये मेंढरू. इथल्या डोंगरांत राहणाऱ्या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांवरून हे नाव पडलं. हे उद्यान ६ लाख एकरांहून मोठं आहे आणि कॅलिफोर्नियातल्या राज्य उद्यानांत सगळ्यांत विस्तीर्ण आहे.

समुद्र इतका जवळ असून इथे वाळवंट का, असं मुलं विचारतात. महाबळेश्वर आणि माण-खटाव डोळ्यांसमोर आणा. पॅसिफिकवरून आलेले ढग ज्युलियनच्या बाजूच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि पलीकडचा उतार पर्जन्यछायेत राहतो. ज्युलियनला सफरचंदाच्या बागा आणि हिवाळ्यात कधी बर्फ. तिथून अर्धा-पाऊण तास खाली उतरलं की निवडुंग सुरू.

'प्रिमिटिव्ह' कॅम्पग्राउंड म्हणजे काय?

नळ नाही. वीज नाही. टेबल नाही, शेकोटीचं कडं नाही, आखून दिलेले प्लॉट नाहीत, दुकान नाही, ऑफिस नाही, कचऱ्याचा डबा नाही. आहेत ते खड्ड्याचे संडास, माहितीचे फलक आणि गाड्या लावून लावून मोकळ्या झालेल्या जागा. उघडं पात्र, कडेने खडकांचे ढीग आणि वर आकाश. जे लागेल ते सोबत न्यायचं आणि उरेल ते सगळं परत आणायचं. सरकारी जमीन आहे, सगळ्यांची आहे. तिथे कुणी व्यवस्थापक बसलेला नसतो, त्यामुळे जागा नीट ठेवणं हे मुक्कामाला येणाऱ्याचंच काम.

आरक्षण करावं लागतं का? पैसे किती?

दोन्ही नाही. आधी येईल त्याला जागा मिळते आणि मुक्काम मोफत आहे. नियम बदलू शकतात म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या अधिकृत पानावर रस्ते आणि शेकोटीबद्दलच्या सूचना बघून घ्या. थँक्सगिव्हिंग, फेब्रुवारीतला लाँग वीकेंड आणि फुलांच्या दिवसांतले शनिवार-रविवार सोडले तर जागेची चणचण मला कधी भासली नाही. गर्दीच्या दिवशी शुक्रवारी दुपारी पोहोचा. अंधारात जागा शोधताना गाडी झुडपांवर जाते. एक झुडूप चिरडलं की तिथे पुन्हा उभं राहायला कित्येक वर्षं लागतात.

कधी जावं?

नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात. ब्लेअर व्हॅली सुमारे २,५०० फुटांवर आहे, त्यामुळे खालच्या बोरेगो स्प्रिंग्ज गावापेक्षा इथे हवा थंड असते. याचे दोन अर्थ होतात. ऑक्टोबरात बोरेगो स्प्रिंग्ज तापलेलं असतं तेव्हा इथे संध्याकाळी बरं वाटतं. पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा गोठणबिंदूपाशी येतो, बाटलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो. 'वाळवंट म्हणजे गरम' या समजुतीने पातळ चादरी घेऊन आलेली मंडळी मी पाहिली आहेत, रात्रभर गाडीचा हीटर लावून बसलेली. दिवसा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि रात्री कानटोपी, स्वेटर, जाड मोजे असा दुहेरी बेत हवा. स्लीपिंग बॅग शून्य सेल्सिअस झेपणारी घ्या, आणि अंगाखाली जाड मॅट घाला, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. उद्यानाच्या सखल भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हा माणसं दगावणारा उन्हाळा आहे आणि हौसेची ती वेळ नव्हे.

पाणी किती न्यायचं?

बाकी काहीही विसरलं तर भागतं. पाणी विसरलं तर परतावंच लागतं.

माणशी दिवसाला १ गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हा किमान हिशेब. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचून रविवारी दुपारी निघायचं असेल तरी तीन दिवस धरा. चार माणसांचे १२ गॅलन, म्हणजे ४५ लिटर. आपल्याकडच्या २० लिटरच्या जारने मोजलं तर सव्वादोन जार. यात पिणं, चहा, भात, तोंड धुणं बसतं, आंघोळ बसत नाही. वर गाडीत २-३ गॅलन वेगळे ठेवायचे आणि घरी परत येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गाडी रुतली, कुणाला ताप आला, शेजारच्या तंबूत पाणी संपलं, तर ते पाणी कामाला येतं.

सगळं पाणी एका मोठ्या भांड्यात नेऊ नका. एकदा आमच्या गटातल्या एका गाडीत ५ गॅलनचा डबा बॅनर ग्रेडच्या वळणावर कलंडला आणि झाकण सैल होतं. डिकीतली गादी ओली झाली ते एक, पण अर्धं पाणी गेलं हे जास्त लागलं. तेव्हापासून आम्ही एकेक-दोनदोन गॅलनचे डबे नेतो, प्रत्येक गाडीत थोडे.

हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, तो निघताच वाळतो. त्यामुळे तहान उशिरा कळते. मुलांना आणि ज्येष्ठांना विचारत बसू नका, दर तासाला ग्लास हातात द्या. आम्ही कोकम सरबत किंवा साखर-मिठाचं लिंबू सरबत करून नेतो. त्याने मीठही भरून निघतं आणि मुलं कुरकुर न करता पितात.

तिथल्या खडकांच्या खोलगट भागांत पावसानंतर पाणी साठलेलं दिसेल. ते पिऊ नका आणि त्यात हातही धुऊ नका. ते रात्री कायोटी (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) आणि पाखरांच्या वाट्याचं असतं.

साधी सेडान चालेल का?

कोरड्या दिवसांत कॅम्पपर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर सेडान सावकाश जाते. आमच्या गटात नेहमी दोन-तीन असतात. रस्ता वॉशबोर्डसारखा खडखडीत असतो, १० मैलांच्या वेगाने चला. मऊ वाळू दिसली तर त्यात थांबू नका. दरीच्या मध्यात कोरड्या तळ्याचं सपाट पात्र आहे. पावसानंतर ते वरून वाळलेलं दिसतं आणि आत लोण्यासारखं असतं. त्यावर गाडी घालू नका, रुतते, आणि चाकांचे व्रण वर्षानुवर्षं राहतात. पाऊस पडून गेला असेल तर सेडान घेऊन जाऊच नका.

पेट्रोल शहरातूनच भरून निघा. सुटा टायर, जॅक आणि छोटं फावडं सोबत असू द्या. आणि स्टेपनीत हवा आहे का, ते घरीच बघा.

फोनला रेंज असते का?

दरीत नसते असंच धरून चाला. नकाशा आधीच डाउनलोड करा. मागे राहिलेल्या एका माणसाला, मित्राला किंवा बहिणीला, लिहून द्या : कुठे जातोय, कोणत्या गाडीने, रविवारी किती वाजेपर्यंत फोन येईल आणि आला नाही तर ९११ ला कधी कळवायचं. नव्या फोनांवर उपग्रहावरून मदत मागायची सोय असते. ती कशी वापरायची ते घरच्या अंगणात एकदा शिकून घ्या.

व्हिसावर आहोत. काही कागद लागतात का?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण विचारायला हवा. हा भाग मेक्सिकोच्या सीमेपासून लांब नाही. एस-२ वर सीमा गस्त दलाच्या गाड्या दिसतात आणि वाटेत तपासणी नाकं लागू शकतं. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकांनी आपली नोंदणीची कागदपत्रं, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा आय-९४ वगैरे, जवळ बाळगावीत असा अमेरिकी कायदा आहे. भारतातून आलेल्या आईबाबांचे पासपोर्टही घरच्या कपाटात ठेवू नका. आमची जेव्हा विचारपूस झाली तेव्हा दोन मिनिटांत आणि सभ्यपणे झाली.

तंबू कुठे ठोकावा?

आधी कुणी तंबू लावलेल्या, झुडपं नसलेल्या जागी. मोठ्या खडकांच्या पश्चिम बाजूला वारा सरळ अंगावर येतो, पूर्वेला आडोसा मिळतो आणि सकाळचं ऊनही लवकर येतं. वॉश म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नका, वाळू कितीही मऊ आणि सपाट दिसली तरी. पाऊस तुमच्या डोक्यावर पडावा लागत नाही. डोंगरात कुठेतरी कोसळला की लोंढा याच वाटेने उतरतो.

वाऱ्याबद्दल गंभीरपणे सांगतो. इथे दुपारी सुटलेला वारा कधी कधी रात्रभर थांबत नाही. तंबूच्या नेहमीच्या बारीक खुंट्या या जमिनीत टिकत नाहीत, लांब आणि जाड खुंट्या घ्या. फिरायला जाताना तंबूत पाण्याचे डबे ठेवून जा. रिकामा तंबू उडून चोया नावाच्या निवडुंगाच्या काट्यांत अडकला की त्याची चाळणी होते. हवामान खात्याने जोराच्या वाऱ्याचा इशारा दिला असेल तर बेत पुढे ढकला.

शेकोटी करता येते का?

जमिनीवर नाही, दगड रचूनही नाही. तळ आणि कडा असलेल्या धातूच्या भांड्यातच, आणि राख-कोळसे सगळे घरी न्यायचे. आपलं घमेलं या कामाला चांगलं. इथे हार्डवेअरच्या दुकानात जस्ताचा मुलामा दिलेलं पसरट टब मिळतं, आम्ही ते वापरतो, खाली चार विटा ठेवून. लाकूड विकत घेऊन जा. तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. तो नियम आहे, आणि नियमामागे कारण आहे : वाळवंटात मेलेलं खोडही सरड्यांचं, किड्यांचं आणि पाखरांचं घर असतं आणि मातीला मिळणारं थोडंफार खत त्यातूनच येतं. वणव्याच्या धोक्यामुळे शेकोटीवर पूर्ण बंदी आली असेल तर गॅसवर चहा करा आणि ब्लँकेट गुंडाळून बसा.

स्वयंपाक काय करावा?

ज्याला धुवायला पाणी लागत नाही असा. आमचा ठरलेला बेत : पहिल्या रात्री घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्याने मऊ राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजणीचं थालीपीठ (कणीक घरूनच मळून, थंड पेटीत), दुपारी चिवडा-फळं, रात्री पिठलं-भात किंवा मुगाची खिचडी कुकरमध्ये. थंडीत कुडकुडत पिठल्याच्या वाफेत तोंड घालून बसण्याचं सुख शहरात मिळत नाही.

ताटं पत्रावळीची किंवा कागदाची. भांडी आधी कागदाने पुसायची, मग वाटीभर गरम पाण्यात विसळायची. ते पाणी गाळून शितं कचऱ्याच्या पिशवीत टाकायची. 'माती आहे, खरकटं टाकलं तर काय झालं' असं म्हणणारे काका प्रत्येक गटात असतात. त्यांना प्रेमाने सांगा की इथे काही कुजत नाही, वाळतं. संत्र्याची साल महिनोन्महिने तशीच पडून राहते. आणि माणसाच्या अन्नाची चटक लागलेला कायोटी पुढे माणसांच्या मागे लागतो. रात्री सगळं खाणं गाडीत बंद करायचं, चपलाही आत घ्यायच्या.

संडासाची सोय कशी?

खड्ड्याचे संडास आहेत, वर कमोडसारखी बैठक. पाणी नाही. कागद संपलेला असू शकतो, तुमचा रोल न्या. तांब्याची सवय असेल तर बाटली न्या, थोडं पाणी लागतं. आत कचरा, डायपर, सॅनिटरी पॅड काहीही टाकू नका, ते उपसणाऱ्यांना हाताने काढावं लागतं. संडासापासून लांब असताना वेळ आलीच तर वाटेपासून आणि ओढ्यापासून ७० पावलं दूर, वीतभर खोल खड्डा, नंतर माती लोटायची. कागद मात्र पिशवीत घालून परत.

आईबाबा भारतातून आले आहेत. त्यांना न्यावं का?

न्या. माझ्या सासऱ्यांना सत्तरीत नेलं होतं, आणि ते रात्री दोन वाजता खुर्चीत बसून आभाळ बघत होते. 'एवढे तारे मी लहानपणी गावाला अंगणात झोपायचो तेव्हा पाहिले होते,' म्हणाले. त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

पण तयारी हवी. जमिनीवरून उठबस होत नसेल तर घडीची कॉट न्या. पाठ असलेल्या खुर्च्या हव्यात, बाक तिथे नाहीत. तंबू संडासाच्या चालण्याच्या अंतरात लावा आणि रात्री उठावं लागलं तर कुणीतरी सोबत जायचं, हे आधीच ठरवा, म्हणजे त्यांना हाक मारायला संकोच वाटणार नाही. रक्तदाबाची-साखरेची औषधं दोन दिवस जास्तीची. इन्शुलिन थंड पेटीत, पण बर्फाला चिकटून नको. हृदयाचा त्रास अलीकडेच झाला असेल तर मुक्काम टाळा, दिवसा येऊन दिवसा परता. इथून रुग्णालय दूर आहे.

साप, विंचू?

आहेत. रॅटलस्नेक हा इथला मूळ रहिवासी आहे. कडक थंडीत तो सहसा बाहेर पडत नाही, मार्चपासून दिसू लागतो. न बघता खडकाच्या कपारीत हात घालायचा नाही, रात्री अनवाणी फिरायचं नाही, बूट घालण्याआधी झटकायचे. खुळखुळा ऐकू आला तर जागीच थांबायचं, कुठे आहे ते बघायचं आणि मागे सरकायचं. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता माणसाला शांत ठेवून रुग्णालय गाठायचं.

आमच्या अनुभवात सापापेक्षा जास्त त्रास चोयाने दिला आहे. हा एक निवडुंग. त्याचे काटेरी गोळे नुसते घासले तरी सुटून कपड्याला, कातडीला चिकटतात. हाताने उपटायला गेलात तर हातात रुततात. उपाय : फणी. मोठ्या दातांची फणी गोळ्याखाली सरकवून एका झटक्यात उडवायचा, मग राहिलेले काटे चिमट्याने. प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात एक फणी, हा आमच्या गटाचा नियम आहे.

कुत्रा नेता येतो का?

कॅम्पवर आणि गाडीच्या रस्त्यांवर, ६ फुटांच्या दोरीने बांधून. पायवाटांवर अजिबात नाही. रात्री तंबूत किंवा गाडीत.

तिथे करायचं काय दिवसभर?

तीन छोट्या पायवाटा आहेत, तिन्ही कच्च्या रस्त्याने थोडं पुढे गेल्यावर सुरू होतात. वेळ असेल तर तिन्ही करा आणि पुढच्या क्रमाने करा.

पहिली उखळांची. फलकावर 'मोर्तेरोस' लिहिलेलं दिसेल, त्याचा स्पॅनिश अर्थ उखळंच. पाऊण तासात जाऊन येता येतं. कुमियाय हे या भागातले मूळ रहिवासी लोक इथे पिढ्यानपिढ्या ऋतूनुसार येऊन राहत, आणि त्यांच्या बायकांनी बिया आणि शेंगा कांडून कांडून ग्रॅनाइटच्या खडकात ही खोल भोकं पाडली आहेत. गुळगुळीत, कोपरापर्यंत हात जाईल अशीही आहेत. एका खडकावर शेजारी शेजारी कित्येक. म्हणजे बायका मिळून बसत असणार, बोलत असणार. आमच्या सोबत आलेल्या एका मावशींनी त्याच्या काठावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'आमच्या वाड्यातलं उखळ असंच होतं, जमिनीत बसवलेलं.' कुमियाय लोक आजही सॅन डिएगो काउंटीत आणि सीमेपलीकडे बाहा कॅलिफोर्नियात राहतात. मुलांना 'इथे पूर्वी कुणीतरी राहायचं' एवढंच सांगू नका, हेही सांगा.

दुसरी चित्रांची. जाऊन-येऊन सुमारे २ मैल, चढ हलका. एका एकट्या मोठ्या धोंड्यावर लाल आणि पिवळ्या रंगात नक्षी आहे. हात लावायचा नाही, कातडीच्या तेलाने रंग जातो. पाणी शिंपडून फोटो काढणारेही असतात, तसं कुणी करताना दिसलं तर थांबवा. आणखी अर्धा मैल पुढे गेलात तर वाट एका कोरड्या धबधब्याच्या ओठावर संपते आणि खाली व्हायेसितोची दरी उघडते. मुलांचे हात धरा, तिथे कठडा नाही.

तिसरी घोस्ट माउंटनची, मैलभर पण खडी चढण. वर मार्शल साउथ आणि त्यांची पत्नी तान्या यांच्या घराचे अवशेष आहेत. १९३० साली मंदीच्या काळात हे दोघं लेखक इथे आले, मातीचं घर बांधलं, तीन मुलं वाढवली आणि सोळाएक वर्षं राहिले. डोंगरावर पाणी नव्हतं. पावसाचं पाणी टाक्यांत धरायचं आणि टाक्या आटल्या की खालून वाहून आणायचं. मार्शल या आयुष्यावर मासिकात लेख लिहीत आणि वाचकांना ते फार आवडत. शेवटी तान्या मुलांना घेऊन खाली उतरल्या आणि संसार मोडला. टाकीच्या पडक्या भिंतीपाशी उभं राहून मला दर वेळी त्या लेखांपेक्षा पाण्याची भांडी घेऊन चढणारी बाईच आठवते. ही चढण आपणही एक लिटर पाणी पाठीवर घेऊन करतो, म्हणून ती जास्त कळते.

कॅम्पच्या अगदी जवळ, दरीच्या वायव्य टोकाला, 'फूट अँड वॉकर' खिंड आहे. १८५८ ते १८६१ या काळात बटरफील्ड कंपनीची टपालगाडी इथून जायची, सेंट लुइस ते सॅन फ्रान्सिस्को, सुमारे २,८०० मैल. चढ असा की प्रवाशांना उतरून चालावं लागे, वेळप्रसंगी गाडी ढकलावी लागे. नाव त्यावरून. एस-२ वरून थोडं पुढे बॉक्स कॅन्यन आहे. १८४७ च्या जानेवारीत मॉर्मन बटालियनने (मॉर्मन पंथीयांची अमेरिकी सैन्यातली तुकडी) तिथले कातळ हातातल्या अवजारांनी फोडून गाड्यांपुरती वाट केली होती.

ती घायपातासारखी झाडं कसली?

ती घायपाताचीच भावंडं आहेत. आपल्या माळरानावर शेताच्या बांधाला लावलेलं घायपात मूळचं अमेरिका खंडातलं, आणि इथली 'डेझर्ट अगेव्ह' त्याच कुळातली. कुमियाय लोक तिचा गाभा जमिनीत भट्टी करून भाजून खात, आणि पानांच्या धाग्याचे दोर आणि पायताणं करत. आपल्याकडेही घायपाताचे दोर वळायचे. आयुष्यात एकदा उंच दांडा येतो, फुलतो आणि रोप मरतं.

फड्या निवडुंगाचंही तसंच, तोही अमेरिकेतून आपल्याकडे आलेला. आणि व्हायेसितोच्या बाजूला मेस्कीटची झाडं दिसली तर पानं बघा : ही आपल्या वेड्या बाभळीची जवळची नातलग. कुमियाय तिच्या शेंगांचं पीठ करत.

झुडपांत सगळीकडे दिसणारं क्रिओसोट मात्र आपल्याकडचं नाही. पाऊस शिंपडला की त्याच्या पानांचा वास सुटतो. आपल्या मातीच्या वासापेक्षा तो निराळा, उग्र आणि औषधी आहे, पण ज्यांनी इथे काही वर्षं काढली त्यांना तोच आता पहिल्या पावसाचा वास वाटतो. कोरड्या दिवशीही चार पानं तळहातात धरून तोंडाची वाफ द्या, वास येतो. पानं तोडू नका, फांदीवरच वाफ द्या.

तारे खरंच इतके दिसतात?

हो. या उद्यानाला २०१८ साली आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. पश्चिम क्षितिजावर सॅन डिएगोचा उजेड थोडा जाणवतो, पण डोक्यावरचं आभाळ काळंभोर असतं.

तारीख निवडायला कालनिर्णय पुरतं : अमावास्येच्या जवळचा शनिवार घ्या. भारताचं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या साडेबारा-साडेतेरा तास पुढे असल्याने तिथी इथे कधी आदल्या तारखेला येते, पण ताऱ्यांसाठी एक दिवस इकडेतिकडे चालतो. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, त्यामुळे दिवाळीच्या आसपासचा वीकेंड अंधारासाठी उत्तम असतो.

डिसेंबर-जानेवारीत रात्री आठनऊला पूर्वेकडे बघा. कृत्तिकांचा पुंजका, खाली तांबूस रोहिणी, मग मृग आणि त्याच्या मागे व्याध. आजोबांना हे सगळं नावानिशी येत असतं, मुलांना शिकवायचं काम त्यांच्याकडे द्या. ध्रुव इथे पुण्यापेक्षा बराच वर दिसतो : पुण्याहून साडेअठरा अंशांवर, इथून तेहतीस. आणि अगस्त्य, जो महाराष्ट्रातून हिवाळ्यात दक्षिणेला सहज दिसतो, तो इथे क्षितिजापासून जेमतेम चार अंश वर येतो, म्हणजे दरीतून डोंगराआडच राहतो. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव बघायला ही जागा फार चांगली, फक्त त्या वेळी चंद्र कुठे आहे ते बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये संधिप्रकाश विझल्यावर पश्चिमेला एक फिकट तिरका पट्टा दिसतो. तो ढग नव्हे, राशिप्रकाश आहे : ग्रहांच्या कक्षांमधल्या धुळीवरून परतलेलं ऊन.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका फोनच्या पडद्याने ती जाते. टॉर्चला लाल कागद लावा. गाडीचे दिवे दार उघडल्यावर आपोआप लागतात, ते आधी बंद करा. शेजारच्या तंबूत कुणी कॅमेरा लावून बसलेलं असतं.

चांदणं हवं असेल तर कोजागरीला जा. चंद्र वर आला की फिकट ग्रॅनाइटचे खडक उजळतात आणि टॉर्चशिवाय चालता येतं. मसाला दूध घरीच आटवून न्या, तिथे फक्त गरम करायचं.

दिवाळीचा गट घेऊन जातोय. फटाके, गाणी?

फटाके नाहीत, फुलबाजीसुद्धा नाही. राज्य उद्यानांत बंदी आहे. आकाशकंदील बॅटरीच्या दिव्याचा लावा, तोही झोपताना बंद. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. स्पीकर नेऊच नका, ही माझी विनंती आहे. त्या दरीत आवाज फार लांब जातो, अर्ध्या मैलावरच्या तंबूतलं बोलणं कळतं. पेटी-तबल्याशिवाय, हळू आवाजात कुणी एक अभंग म्हटला तर तो तिथे किती छान लागतो, ते एकदा अनुभवून बघा.

निघताना काय काय तपासायचं?

सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून आपली जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, नजर जमिनीवर. बडीशेपेची पुडी, टूथपिक, पिस्त्याची टरफलं, तंबूची खुंटी, दुसऱ्या कुणाच्या बाटलीचं झाकण, सगळं उचलायचं. मुलांना यात मजा येते, कुणाला जास्त सापडलं याची शर्यत लागते. घमेल्यातली राख आदल्या रात्री पाणी ओतून हाताला गार लागेपर्यंत विझवलेली असावी, मग झाकणाच्या डब्यात. दगड, खापराचे तुकडे, वाळलेली शिंगं, फुलं यातलं काही खिशात आलं असेल तर ते जिथलं तिथे ठेवायचं. उद्यानातून काहीही नेणं बेकायदा आहे.

मग राखून ठेवलेले ते २-३ गॅलन पाणी गाडीत आहे ना, बघायचं आणि निघायचं. चढ चढून ज्युलियनला आलात की फोन वाजू लागेल. मागे चिठ्ठी दिलेल्या माणसाला पहिला फोन करा.